बडी बहनजींचं इन्स्पेक्शन

मुलीसाठी स्थळं बघणाऱ्यांकडे किस्से असतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण घरच्या म्हाताऱ्या माणसासाठी वृद्धाश्रम बघत फिरलेल्याला कुणी विचारतच नाही, भो! दोन महिन्यांत आमच्याकडे इतके साठलेत की चहाला बसलं की एखादा निघतोच. पोहे मात्र दोन्हीकडे खावे लागतात.

माणूस म्हणजे माझी कमलआत्या. वय चौऱ्याऐंशी. बुऱ्हाणपुरात मराठी शाळेची हेडमास्तरीण होती, म्हणून अख्खं गाव तिला ‘बडी बहनजी’ म्हणतं. माझी आई लवकर गेली, मला आत्यानंच वाढवलं. सुट्टीत आम्ही असीरगढचा किल्ला बघायला जायचो. बसला ही गर्दी! आत्या बाहेरूनच खिडकीतून निळ्या काठाचा रुमाल सीटवर टाकायची आणि ओरडायची, “मध्या, जागा धरली रे!” बडी बहनजींचा रुमाल उचलायची कुणाची टाप नव्हती.

तर ही आत्या उन्हाळ्यात भरदुपारी बाथरूममध्ये पडली. मी कॉलेजच्या ऑफिसात, बायको सुनंदा तिच्या शाळेत. आम्ही पाचला घरी आलो तोवर ती तीन तास फरशीवर! खुब्याचं हाड मोडलेलं. “अगं, शेजाऱ्यांना हाक तरी मारायचीस,” मी म्हटलं. म्हणाली, “दुपारची झोपलेली असतात माणसं. कशाला उठवायचं?” मला स्वतःची इतकी लाज वाटली की काय सांगू.

ऑपरेशन झालं, वॉकर हातात आला, तेव्हा तिनंच जाहीर केलं, “चोवीस तास माणसं असतील अशी जागा बघा. पण पास-नापास मी करणार!”

*

पहिल्या ठिकाणचा मॅनेजर एकदम टापटीप. हातात चकचकीत फाइल. “बहनजी, हमारे यहाँ चौबीस घंटे नर्स है!” हे वाक्य त्यानं पाच मिनिटांत तीनदा म्हटलं.

आत्यानं ऐकून घेतलं. मग वॉकर टेकत पलंगाजवळ गेली आणि उशाशी असलेल्या बेलच्या बटणाकडे बोट नेलं.

मॅनेजर केवढ्यांदा ओरडला! “अरे अरे, वो मत दबाइए! सिस्टर सो रही है!”

बाहेर आल्यावर आत्या रिक्षात बसत म्हणाली, “खोटं नाही बोलला बिचारा. चोवीस तास आहे खरी.”

*

दुसरं ठिकाण बघून मी तर खूशच झालो. बागेत सात-आठ म्हातारे बसलेले, सगळे गुटगुटीत, हसरे, कपडे पांढरेशुभ्र. समोर माव्याच्या जिलेबीची प्लेट. सुनंदा माझ्या कानात म्हणाली, “हेच फायनल करा.”

आत्या मात्र एका म्हाताऱ्याकडे टक लावून बघत होती. तो तोंड लपवायला लागला.

“काय रे नामदेव? तू इथं कधी आलास?”

नामदेव म्हणजे आत्याच्या शाळेचा रिटायर चपराशी. गावातच, इतवारा भागात त्याचं स्वतःचं घर, दोन सुना, नातवंडं. तो उठून उभाच राहिला.

“आजच आलो, बहनजी. बघायला पाहुणे येणार म्हणून बोलावलंय. पाच वाजता घरी सोडतात.”

आता आत्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं! कारण साहेब शाळा तपासायला आले की चौथीतली हुशार पोरं दुसरीत कोण बसवायचं? बडी बहनजीच! आणि ती हाताला धरून कोण आणून बसवायचं? नामदेव!

“या लोकांना ही आयडिया कुणी दिली रे?”

नामदेव मान खाली घालून म्हणाला, “मीच दिली, बहनजी. पण नाव तुमचंच सांगितलं.”

*

तिसऱ्या ठिकाणी भिंतीवर जेवणाचा मोठा तक्ता होता. सोमवारी काय, मंगळवारी काय, रविवारी पुरणपोळी. सुनंदा वहीत उतरवून घ्यायला लागली. आत्या सरळ मागच्या दारी गेली आणि उष्ट्याची बादली उघडून बघितली. गळ्यापर्यंत भरलेली!

“सब ताजा बनता है, अम्मा,” आचारी म्हणाला.

“हो ना, आणि ताजं ताजंच फेकता!”

पण खरी गंमत पुढे झाली. फॉर्म घेऊन आलेल्या मुलीनं आत्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग व्हीलचेअर आणून माझ्यामागे लावली. “बैठिए अंकल. डायपर लगता है क्या?”

सुनंदा पदर तोंडात कोंबून बाहेर पळाली! आत्या अगदी गंभीरपणे म्हणाली, “नाही बेटा, हा माझा भाचा. याची अजून दोन वर्षं नोकरी बाकी आहे.”

*

मग एके दिवशी आत्या म्हणाली, “आता फोन न करता जायचं.” तापी ओलांडून जैनाबादला गेलो. तिथं एक साधं बैठं घर, रंग उडालेला, मागे केळीची बाग. रेखा सिस्टर एका आजीची नखं कापत बसली होती. आम्हाला बघून उठलीसुद्धा नाही. “थांबा जरा, एक हात बाकी आहे.”

आत दोन म्हाताऱ्या पंख्यावरून कडाकडा भांडत होत्या. एक म्हणे चालू ठेव, एक म्हणे बंद कर. मी आत्याला म्हटलं, “चल, इथं नको. ही भांडणं, हा रंग...”

“रंग मला चाटायचा नाही. आणि मध्या, भांडायला अंगात जोर लागतो. जेवण बरं असणार इथलं.”

पास!

पोचवायला गेलो त्या दिवशी मला रडू आवरेना. आत्या वैतागली. “पहिलीत शाळेत सोडलं तेव्हाही असाच गळा काढला होतास. जा आता, उशीर होईल.” पण माझा हात तिनं बराच वेळ सोडला नाही.

*

आता परवाच्या रविवारचं ऐका. मी आणि सुनंदा तिच्या आवडीची दराबा मिठाई घेऊन तिला भेटायला गेलो, तर खंडव्याचं एक कुटुंब त्यांच्या आजोबांसाठी जागा बघायला आलेलं. आत्याच्या शेजारची खोली रिकामी होती. त्या लोकांनी आत्यालाच विचारलं, “कसं आहे हो इथं?”

आत्या म्हणाली, “काय सांगू! डास फार. वरणात मीठ नसतं. आणि शेजारी मी, रात्रभर घोरते.”

पाच मिनिटांत ते लोक गेटबाहेर! रेखा सिस्टरनं कपाळाला हात लावला. “बघा ना भैया, अम्मांनी हे तिसरं गिऱ्हाईक पळवलं!”

मी चिडलो. “आत्या, तू तर इथं मजेत आहेस! वजन वाढलंय तुझं! मग लोकांना खोटं कशाला सांगतेस?”

 तिनं दराब्याचा घास संपवला, वॉकर घेतला आणि शेजारच्या खोलीकडे निघाली. आम्ही दोघं मागोमाग. दारात थांबून तिनं माझ्याकडे बघितलं.

“दोनच वर्षं राहिली ना रे तुझ्या नोकरीची?”

आणि दार ढकललं. आत खिडकीकडच्या खाटेवर निळ्या काठाचा रुमाल टाकलेला होता.