स्टेशनचं नाव ऐकू येईपर्यंत

खरखरकाका हे नाव काही आईबापांनी ठेवलेलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरून दिवसभर रेडिओची खरखर ऐकू यायची, म्हणून शेजाऱ्यांनी ते चिकटवलं. काकांचा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा, आणि नाद दूरची एफएम स्टेशनं पकडण्याचा. एफएम एरवी शे-सव्वाशे किलोमीटरच्या पुढे जात नाही. पण उन्हाळ्यात एखाद्या दिवशी आकाशाची लहर फिरते आणि दीड हजार किलोमीटरवरचं स्टेशन खोलीत येऊन बोलू लागतं. कधी दोन मिनिटं, कधी चार-पाच तास. मात्र त्याचं नाव स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय काका वहीत अक्षर लिहायचे नाहीत. अंदाजाने लिहिणं म्हणजे निव्वळ चोरी, असं त्यांचं मत. या बाबतीत माणूस सरळ होता, ते कबूल करायलाच हवं.

काकू म्हणायच्या, "माझं ऐकायला यांना अँटेना फिरवावी लागते!" पण काकांनी हात वर केला की त्या गप्प व्हायच्या. तीस वर्षांचा शिरस्ताच होता तो.

त्या मंगळवारी सकाळी दहा बेचाळीसला समुद्रापलीकडचं एक स्टेशन लागलं. बावीस वर्षं हुलकावणी देत होतं ते हेच असणार! काकांनी घड्याळ पाहिलं, वेळ मनाशी टिपली. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून काकू म्हणाल्या, "अहो, जरा इकडे या ना. हाताला मुंग्या आल्यात, कसंसंच होतंय."

काकांनी मान न वळवता हात वर केला. काकू गप्प झाल्या.

स्टेशनही हट्टी. गाणी झाली, बातम्या झाल्या, आणि नाव सांगायची वेळ आली की नेमका आवाज बुडायचा. काका बाल्कनीत जाऊन अँटेना बोटभर सरकवायचे, पुन्हा कान लावून बसायचे. जेवणाची आठवणही झाली नाही त्यांना. तीन वाजता नाव आलं, अगदी स्वच्छ.

"अगं, ऐकलंस का?" म्हणत ते पोरासारखे आत धावले. काकू कपाटाला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. तोंड एका बाजूला ओघळलेलं. डोळे उघडे होते.

दवाखान्यात पोचेपर्यंत पावणेचार झाले. डॉक्टरांनी पहिली वेळच विचारली. "त्रास कधी सुरू झाला? साडेचार तासांच्या आत असेल तर मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येतं. नंतर दिलं तर जिवावर बेतू शकतं."

कामावरून धावत आलेल्या मुलीने काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा घरीच होते, डॉक्टर. आत्ताच झालं असणार. तीनला ना, बाबा?"

होय म्हणायचा मोह काकांनाही झाला.

"दहा बेचाळीस," ते म्हणाले.

"इतकं नक्की कसं सांगता?"

"तिनं हाक मारली होती."

डॉक्टरांनी वेळ लिहून घेतली आणि इंजेक्शनची तयारी करणाऱ्या नर्सला थांबवलं. मुलीने काकांच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.