समुद्राकाठची पायपीट

माझ्या वडिलांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो लढाईत. महूच्या छावणीतून त्यांची पलटण इटलीला गेली होती. त्या देशाच्या दक्षिण किनाऱ्यानं पाठीवर पिट्टू बांधून ते कित्येक दिवस चालले. लढाईबद्दल ते घरात चकार शब्द काढत नसत. किनाऱ्याबद्दल मात्र बोलत. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला लिंबांच्या बागा, आणि लिंबं म्हणजे पपईएवढी.

"एवढं लिंबू नसतं हो कुठं," आई म्हणायची.

"तू गेली होतीस का उधर?" ते विचारायचे, आणि विषय तिथंच संपायचा.

इंदूरच्या माणसाला समुद्र म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातला निळा रंग. पण वडिलांमुळे माझ्या डोक्यात लहानपणापासून तो किनारा बसलेला. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी माझ्या दोन दोस्तांना म्हटलं, आपणही असंच चालायचं. इटली नाही तर कोकण.

तेव्हा मध्यप्रदेश नवा होता. राजधानी भोपाळला गेली म्हणून इंदूरचे मराठी लोक अजून चिडलेले असत. माझ्या एका दोस्ताच्या घरात तर रोज तोच विषय. त्याचे पणजोबा होळकरांच्या दरबारात कारभारी होते. बडा गणपतीजवळ त्यांचं घर होतं, दारावर अजून पणजोबांच्या पदवीची पाटी. त्याला मी इथं दरबारी दोस्त म्हणतो. दुसरा दोस्त चष्मा लावायचा, कमी बोलायचा, आणि दरबारी दोस्त जे म्हणेल त्याला "हौ" म्हणायचा. मी त्या दोघांपेक्षा वेगळा होतो हे त्या दोघांनाही ठाऊक होतं. माझे वडील निवृत्त हवालदार, आणि थोड्याच वर्षांपूर्वी आमचं सगळं घर बौद्ध झालं होतं. पण आम्ही एका बाकावर बसायचो, एका बशीतले पोहे खायचो. दरबारी दोस्ताच्या घरात मात्र मी कधी ओसरीच्या पुढं गेलो नव्हतो. आत येऊ नकोस असं कुणी बोलून दाखवलं नव्हतं.

कोकणात दरबारी दोस्ताचे एक दूरचे काका होते. मुक्काम त्यांच्याकडे करायचा ठरलं. वडिलांनी मला त्यांचा पिट्टू दिला. पट्टे कसे आवळायचे, जड सामान खाली की वर, ते दाखवलं आणि म्हणाले, "पाय ओले ठेवू नकोस. छाले पडले की आदमी गया."

खांडव्याला गाडी बदलून मुंबई, तिथून आगबोट. हर्णैला बोट खोल पाण्यात थांबली आणि आम्हाला लहान होडीत, पडावात उतरवलं. चष्मेवाला ओकला. मी मात्र नुसता बघत होतो. वडिलांनी सांगितलेलं काहीच तिथं नव्हतं, ना लिंबं ना बागा, मासळीचा वास तेवढा सगळीकडे. तरी माझ्या अंगावर काटा आला होता.

पहिले दोन-तीन दिवस फार सुखाचे गेले. सुरूच्या बनातून चालायचं, ओहोटीच्या ओल्या वाळूवर चालायचं, खाडी आली की तरीत बसून पलीकडे जायचं. शाळेच्या नाहीतर देवळाच्या पडवीत झोपायचं. चष्मेवाल्याच्या स्टोव्हवर खिचडी व्हायची, ती करायचो मी, कारण त्या दोघांना करपवण्यापलीकडे काही येत नव्हतं. वाळूत पिट्टू टाकून आम्ही कपड्यांसकट पाण्यात घुसायचो आणि इंदूरच्या शिव्या समुद्राला द्यायचो.

काकांचं गाव दिसू लागलं तेव्हा दरबारी दोस्त थांबला.

"एक बात आहे भिया," तो मला म्हणाला. "काका जरा जुने आहेत. तू तुझं आडनाव नको सांगू."

"मग काय सांगू?"

त्यानं एक आडनाव सांगितलं. अगदी त्यांच्यातलं, घासूनपुसून चकचकीत. चष्मेवाला हसायला लागला. "गोत्र पण देऊन टाक ना याला!" मग त्या दोघांनी मला तिथंच वाळूत एक गोत्र दिलं.

मी म्हटलं, "मी पडवीत झोपतो कुठंतरी. तुम्ही दोघं जा."

"अरे क्या यार, दोन दिवसांची तर गोष्ट. तुझ्यासाठीच करतोय."

मी गेलो. मला ते घर आतून बघायचं होतं, हे खरं.

काका निवृत्त हेडमास्तर होते. डोळ्यांत मोतीबिंदू, समोरचा माणूस त्यांना धुक्यासारखा दिसायचा. घरात त्यांची विधवा बहीण होती. सगळे तिला आत्या म्हणत. डोक्यावरून लाल आलवण, केस काढलेले. पहाटेपासून ती ओलेत्यानं विहिरीवर आणि मग चुलीपुढं. बाकी घरात काकांची सून आणि तिची लहान मुलं. काकांचा मुलगा मुंबईला नोकरीला.

त्या दोघा दोस्तांना नवा खेळ सापडला. काकांसमोर ते मुद्दाम मला विचारायचे, "काय रे, तुझ्या मुंजीत किती लोक होते?" "तुमच्याकडे श्राद्धाला काय काय करतात?" मी काहीतरी सांगायचो आणि ते बाहेर जाऊन पोट धरून हसायचे. एकदा दरबारी दोस्त म्हणाला, "काका, हा संध्या फार छान म्हणतो." काका म्हणाले, "म्हणा की मग." मी घसा बसल्याचं सोंग केलं.

पण काकांना वर्तमानपत्र वाचून दाखवायला कुणी नव्हतं. दरबारी दोस्तानं थोडं वाचलं, तर काका म्हणाले, "तुमचं इंदुरी मराठी राहू दे हो. निम्मं हिंदुस्तानी." मग बसलेल्या घशाचं सोंग सोडून मी वाचलं. आमच्या घरी वडिलांनी उच्चारावरून मार देऊन वाचायला शिकवलं होतं. काका डोळे मिटून ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला जुन्या पोथ्या काढून दिल्या, बागेतून फिरवलं, माझ्या खांद्यावर हात ठेवून. विहिरीतून मी त्यांना पाणी काढून दिलं आणि ते त्याच पाण्यानं तोंड धुऊन घटाघटा प्यायले.

त्या दिवशी एकादशी होती. दुसऱ्या दिवशी, द्वादशीला, आमचा निघायचा बेत होता. त्याआधी दुपारचं जेवण. केळीची पानं मांडली. आत्या वाढायला. भात, वरण, कुळथाचं सार, नारळ घातलेली भाजी. तिनं स्वतः आदल्या दिवशी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. पुरुष उठल्यावर बायका, आणि बायका उठल्यावर ती, असा तिथला क्रम.

पहिला भात संपत आला असताना काका दरबारी दोस्ताला म्हणाले, "तुझे पणजोबा मोठे माणूस. पण तुमच्या तिघांत घराणं दिसतं ते याच्यात." त्यांचा हात माझ्या दिशेला होता. "वाचणं, वागणं, सगळं. रक्तात असावं लागतं ते."

दरबारी दोस्ताचा हात पानावर थांबला. मला वाटलं आता तो हसेल. चष्मेवाला हसायच्या तयारीत होताच.

"काका," तो म्हणाला, "हे मूळचे महूचे. याचा बाप फौजेत होता." आणि मग त्यानं जातीचं नाव घेतलं. दीक्षा घेऊन आम्ही जे टाकलं होतं तेच.

सून पदर तोंडाला लावून आत गेली. आत्या भाताचं तपेलं आणि डाव घेऊन उभी होती ती तशीच राहिली. मग तिनं तपेलं खाली ठेवलं, हळू, आवाज न करता.

काकांनी माझ्याकडे मान वळवली. "खरं?"

"बौद्ध आहोत आम्ही," मी म्हटलं. "पण तो म्हणतो तेही खरं."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते अगदी वर्गात समजावतात तसं बोलले. "आधी सांगायचं होतंस. पडवीत वाढलं असतं. उपाशी ठेवलं नसतं कुणी." मग म्हणाले, "आता बसलाच आहेस तर पान संपव. अन्न टाकू नये. उठताना पान तुझं तू उचल आणि खालची जागा शेणानं सारव. सूनबाई, त्याला शेण काढून द्या."

दरबारी दोस्त खाली मान घालून जेवत होता. जेवत होता, हे मला आजही दिसतं. साराचा भुरका मारलेला ऐकू आला.

मी पान संपवलं. सगळं, मिठासकट. मग म्हटलं, "आत्या, भात वाढा."

कुणी हललं नाही. काका म्हणाले, "पुरे झालं आता."

"माझं पोट नाही भरलं."

आणि मी उठलो, तपेल्यापाशी गेलो आणि डावाला हात न लावता, माझ्या उष्ट्या उजव्या हातानं, आतून भात घेतला. वरणाच्या भांड्यातही तोच हात घातला. परत येऊन बसलो आणि खाल्लं. मुलांपैकी एक जण रडायला लागला, त्याला काय झालं ते कळलंही नसेल.

काकांना दिसत नव्हतं. "काय केलं त्यानं?" ते विचारत राहिले. सुनेनं आतून सांगितलं. मग ते ओरडले, पण माझ्यावर नाही. आत्यावर. "बघत काय बसलीस? सगळं गोठ्यात नेऊन टाक. आंघोळ कर आणि पुन्हा चूल पेटव. भांडी विस्तवातून काढ."

मी जागा सारवली नाही. पिट्टू उचलला आणि मागच्या दारानं निघालो, कारण पुढच्या पडवीत ते दोघं हात पुसत उभे होते. मागं आत्या विहिरीवर पाणी ओढत होती. अंगावर ओलं आलवण, दंड काटक्यांसारखे. मला वाटलं हिच्याशी बोलून जावं.

"तुमच्याशी माझं वैर नव्हतं," मी म्हटलं.

तिनं हातातला दोर सोडला नाही. "नव्हतंच. वैर असतं तर त्यांच्या पानात हात घातला असतास. माझ्या भातात घातलास."

मी पिट्टूचा पट्टा ओढून घट्ट केला.

"त्यांची पोटं भरत आली होती. त्या तपेल्यात उरलेलं कोणाचं होतं? पोरांचं आणि माझं." तिनं बादली उचलली. "पोट भरलं ना? मग सरक पुढं. तू उभा आहेस तिथं मला पाणी शिंपडायचंय."

मी सरकलो. मागं पाणी पडल्याचा आवाज आला.

वाळूवर पोचलो तेव्हा मागून चष्मेवाला पळत येताना दिसला. मला क्षणभर बरं वाटलं. धापा टाकत तो जवळ आला.

"तू उगाच बात वाढवलीस यार," तो म्हणाला. "आता तिथं आम्हाला किती ऐकावं लागतंय."

"तू येतोस का माझ्याबरोबर?"

त्यानं चष्मा पुसला. "स्टोव्ह माझा आहे. तुझ्या पिट्टूत राहिला."

मी वाळूत बसून पट्टे सोडले आणि स्टोव्ह काढून दिला. तो पोटाशी धरून चष्मेवाला परत गेला.

पुढचं मी एकटा चाललो. पायाला फोड आले, कारण खाडीत ओले झालेले बूट मी वाळवले नाहीत. चणे आणि गूळ खाऊन दिवस काढले. समुद्र उजव्या हाताला होता तसाच होता. तिसऱ्या खाडीपाशी ताप चढला तेव्हा मी एस.टी. पकडली.

घरी वडिलांनी विचारलं तेव्हा मी सगळं सांगितलं. भाताचं सांगताना मला वाटत होतं, ते खूश होतील. ते ऐकत राहिले. मग विचारलं, "दोन दिवस त्या घरात तू कोण होतास?"

मी ते आडनाव सांगितलं.

त्यांनी माझ्या कानाखाली मारली. मी वीस वर्षांचा होतो. "लढाईत गोऱ्यांनी नाव विचारलं तरी मी माझंच सांगितलं," ते म्हणाले. "हात घातलास ते नंतरचं. तू आत शिरलास कशाला?" त्यानंतर महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. आई ताट वाढून दोघांच्या मध्ये बसायची आणि एकाचं दुसऱ्याला सांगायची.

कॉलेज सुरू झालं त्या दिवशी दरबारी दोस्त फाटकापाशी उभा होता. "भिया, गुस्सा है क्या?" असं म्हणून त्यानं माझ्या गळ्यात हात टाकला आणि पोह्याच्या गाडीकडे ओढत नेलं. चष्मेवाला तिथं आधीच बसलेला. कोकणाचा विषय कुणी काढला नाही. मी पोहे खाल्ले. आत्याचं काय झालं, ती त्या दिवशी जेवली का, हे विचारायचं मनात होतं. विचारलं नाही.

पुढं तो सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात मॅनेजर झाला, मी मास्तर झालो. त्याच्या मुलीच्या लग्नात त्यानं मला हाताला धरून व्याह्यांपुढं नेलं. "हा आमचा जिगरी दोस्त. कोकणात यानं आमच्या काकांचा अख्खा स्वयंपाक बाटवला होता! काकांचा चेहरा बघायला पाहिजे होता!" व्याही हसले. आजूबाजूचे चार जण हसले. तो इतका मोकळा हसत होता की ती त्याच्या तरुणपणातली सगळ्यात मजेदार गोष्ट असावी. आत्या त्याच्या गोष्टीत नव्हतीच.

घरी येताना बायको म्हणाली, "कशाला जाता अशा माणसाकडे?"

चष्मेवाला तोवर वारला होता. सुरूच्या बनातली वाट, वाळूवरची खिचडी, कपड्यांसकट पाण्यात घुसणं, हे आठवणारा इंदुरात माझ्याखेरीज दरबारी दोस्त हा एकच माणूस उरला होता.

"पुढच्या वेळी नाही जाणार," मी म्हटलं.

त्याच्या मुलाच्या लग्नाला गेलोच.