लग्नाला नेता येईल का?

डोक्याला मार लागलेल्या माणसांबरोबर काम केलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. आम्ही जुनी मंडळी भेटलो की चहा यायच्या आधीच कोणीतरी सुरू करतं. आम्ही म्हणजे सर, लता सिस्टर आणि मी. सर मेंदूचे डॉक्टर, लता सिस्टर वॉर्डाच्या अनभिषिक्त मालकीण आणि मी सायकॉलॉजिस्ट. नव्वदच्या दशकात बारामतीत सायकॉलॉजिस्ट म्हणजे कोण, हे सांगण्यातच माझा निम्मा दिवस जायचा. "डोक्याच्या म्याडम" हे नाव शेवटी मीच स्वीकारलं.

एमआयडीसी तेव्हा वाढत होती. पोरांच्या हातात नव्या मोटरसायकली, डोक्यावर हेल्मेट नाही, आणि पुढे उसाची ट्रॉली, तिला मागे दिवा नाही. पुण्याला ऑपरेशन व्हायचं, टाके निघायचे, सगळे पेढे वाटायचे. मग काही दिवसांनी तीच मंडळी आमच्याकडे यायची आणि दाराशी घुटमळत म्हणायची, "जखम भरली ओ, पन मानूस पयल्यावानी वागंना."

पणदऱ्याचा दत्तू त्यातलाच. एमआयडीसीत दुधाच्या प्लँटवर कामाला होता. अपघाताआधी इतका भिडस्त, की पाहुण्यांकडे भाकरी मागून घ्यायलाही लाजायचा. अपघातानंतर मनात आलेलं थेट तोंडात. पहिल्याच दिवशी सरांकडे निरखून बघत म्हणाला, "डॉक्टर, लोकास्नी सांगता गोड खाऊ नगा, आन् हे पोट कुनाचं?"

सर म्हणाले, "निदान बरोबर आहे. फक्त बोलायचं नसतं."

लता सिस्टरांनी तो किस्सा दिवसभर वॉर्डात फिरवला. पण घरी हसण्यासारखं काही नव्हतं. भाजीत मीठ कमी पडलं तर दत्तू ताट भिरकावायचा. शेजाऱ्याच्या अंगावर धावून जायचा. त्याची बायको शालन सगळं सोसत होती आणि कोणाला सांगत नव्हती.

अशात त्याच्या बहिणीच्या मुलीचं, मनीषाचं, लग्न ठरलं. बहिणीचं, म्हणजे आक्काचं, सासर इंदापूरचं. दत्तू मनीषाचा एकुलता एक मामा. लग्नात नवरीमागे मामाच उभा राहतो, त्यात कुणाला काही विचारायचं नसतं. पण मुलाकडच्यांच्या कानावर गेलंच. त्यांनी निरोप पाठवला, "तसला मानूस मांडवात नको. चुलतमामा उभा करा."

मनीषा म्हणाली, "मामा न्हाय तर मीबी न्हाय."

आक्का डोळे पुसत आमच्याकडे आली. "म्याडम, लग्नापातुर सुधरंल का दत्तू?"

ती गेल्यावर सर माझ्याकडे वळले. "सुधारेल म्हणजे नेमकं काय होईल? आणि ते मोजायचं कशानं?"

*

मोजायला आमच्याकडे एक विलायती स्केल होतं, म्हणजे वागण्यातल्या बिघाडाला मार्क देणारी प्रश्नावली. सरांनी कुठूनतरी झेरॉक्स मिळवली होती, मी रात्रंदिवस खपून तिचं मराठी केलं होतं, आणि मला त्याचा भारी अभिमान होता. दत्तूच्या वडिलांना, आबांना, समोर बसवलं आणि विचारलं, "आबा, दत्तू गरज नसताना मोठ्या आवाजात बोलतो का?"

आबा असे कडाडले की ओपीडीतली माणसं दारातून आत डोकावली. "न्हाय! आमच्या घरात मोठ्यानं कुनीच बोलत न्हाय!"

मी पुढचा प्रश्न घेतला. "अनोळखी माणसाला खाजगी प्रश्न विचारतो का?"

"खाजगी म्हंजी?"

"म्हणजे पगार किती, लग्न का झालं नाही, असलं."

"आता ह्यात काय खाजगी हाय?" आबा म्हणाले. "तुमचं का न्हाय झालं अजून?"

मार दत्तूला लागला होता, पण त्या स्केलवर आबांना जास्त मार्क पडले असते. सर मान खाली घालून खुसखुसत होते. मी मात्र चिडले होते. माणूस आधी कसा होता आणि त्याच्या घरात काय चालतं, हे कळल्याशिवाय "बिघडला" कशाला म्हणायचं, हे मला आबांनी त्या दिवशी शिकवलं. अर्थात तेव्हा मी ते कबूल केलं नाही.

*

मग आम्ही ठरवलं, साधं काहीतरी धरू. शिव्या! ऐकायला सोप्या, मोजायला सोप्या. वडगाव निंबाळकरच्या एका तात्यांवर पहिला प्रयोग झाला. ट्रॅक्टरवरून पडल्यापासून तात्या गुरांना, माणसांना, रेडिओला, सगळ्यांना शिव्या द्यायचे. सरांनी औषध सुरू केलं आणि शिव्या भराभर उतरल्या. मी आलेख काढून भिंतीवर लावला. येईल त्याला दाखवायचे.

पुढच्या फेरीला तात्यांच्या पत्नी, काकू, एकट्याच आल्या. मी म्हटलं, "काकू, बघा, शिव्या गेल्या."

"गेल्या ओ," काकू म्हणाल्या, "पन संगट बोलनंबी गेलं. बसल्या जागी पेंगत्यात. शिव्या देत हुते तवा घरात मानूस हाय असं वाटायचं."

सरांनी तिथल्या तिथे औषध कमी केलं. मी आलेख काढून ठेवला. काही दिवसांनी फाटकाबाहेर आरडाओरडा ऐकू आला. तात्या रिक्षावाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते, आणि मागून काकू पदर सावरत येत होत्या, चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"आलं बघा आमचं मानूस!"

लता सिस्टर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आउटकम चांगला आहे. लिहा."

*

त्यानंतर आमच्या तिघांत जुंपली. सरांचं म्हणणं, स्केल हवंच, नाहीतर उद्या कोण विश्वास ठेवणार? माझं म्हणणं, स्केलवर माणूस पास आणि घरात नापास, असल्या पासाला काय चाटायचंय? मी तडकले की माझा आवाज चढतो. सर शांतपणे म्हणाले, "ठीक आहे. घरच्यांना काय हवंय, एका वाक्यात सांग."

मला सांगता येईना. तेव्हा लता सिस्टरांनी विचारलं, "जाताना दारात उभं राहून प्रत्येक नातेवाईक शेवटी काय विचारतो?"

आणि आम्ही तिघंही एकदम म्हणालो, "लग्नाला नेता येईल का?"

खरंच, सगळे हेच विचारायचे. आणि का विचारणार नाहीत? लग्नात काय नसतं? बँडचा दणका, उन्हातला मांडव, "काय रं, वळखलंस का?" म्हणत पाठीवर थापा मारणारी माणसं. पंगतीत समोर जिलबी पडलेली असते आणि सगळ्यांना वाढून होईपर्यंत हात आवरून बसायचं असतं. वागण्याची एवढी कसोटी कुठल्या स्केलमध्ये असते?

मग आम्ही आमच्या पायऱ्या बांधल्या. घरचं जेवण, दूध डेअरीची रांग, आठवडी बाजार, बारसं आणि सगळ्यात वर लग्न. प्रत्येक पायरीवर काय दिसलं म्हणजे जमलं, हे ज्याच्या त्याच्या घरच्यांनी ठरवायचं. विलायती स्केलही आम्ही सोडलं नाही, शेजारी शेजारी भरत राहिलो. दोन्हींचा मेळ बसतो का, ते सरांना बघायचं होतं, आणि ते त्यांचं बरोबरच होतं.

सरांनी हे सगळं पुण्याला एका डॉक्टरांच्या सभेत मांडलं. एक टायवाले गृहस्थ उठले. "लग्न? याला शास्त्रीय आधार काय?"

"आधार तयार करतोय," सर म्हणाले. "तोवर तुमच्या स्केलवर पास झालेला एक पेशंट मला पंगतीत शेवटपर्यंत बसवून दाखवा."

हॉल हसला. मी मागच्या रांगेत ताठ बसले होते. इतकी ताठ की शेजारच्या बाईंनी विचारलं, "पाठ दुखते का?"

*

दत्तूची डेअरीची पायरी म्हणजे वेगळंच प्रकरण. सकाळी दूध घालायला गेला की रांग मोडून सरळ पुढे. शालन आणि मी त्याच्यामागे हात धुऊन लागलो. ती रोज बरोबर जायची, शेजारी उभी राहायची, आपल्या आधी कोण आहे ते त्यालाच सांगायला लावायची. हळूहळू तो थांबायला लागला. मी खूश.

एक दिवस शालन गंभीर चेहऱ्याने आली. डेअरीचे चेअरमन नेहमीप्रमाणे रांग सोडून पुढे गेले होते. आजवर त्यांना कोणी हटकलं नव्हतं. दत्तू सगळ्यांदेखत म्हणाला, "चेअरमन, रांग."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, गेले की मागं," शालन म्हणाली. "म्याडम, ह्याला पास धरायचं का नापास?"

जेवणाची सुट्टी वादात गेली. मी म्हणत होते पास, सर म्हणत होते जीभ अजून मोकाट आहे. शेवटी आबांनाच विचारलं.

आबांनी विचार करून सांगितलं, "पयला दत्तू असा बोलला नसता. पर बोलाय पायजेल हुतं."

*

बाजार झाला, एक बारसंही निभावलं. तरी मुलाकडचे ऐकेनात. शेवटी सर स्वतः आक्काबरोबर व्याह्यांकडे गेले आणि म्हणाले, "मी लग्नाला येतो. दत्तूच्या मागे मी उभा राहतो." व्याही नाइलाजाने हो म्हणाले, पण बजावलं, "काय इस्कोट झाला तर आमी वऱ्हाड घिऊन माघारी."

लग्नाला आम्ही तिघंही इंदापूरला गेलो. दत्तू नव्या पांढऱ्या कपड्यांत, डोक्याला फेटा. बँड कानाशी वाजायला लागल्यावर त्याचा चेहरा लाल झाला. शालनने त्याच्या कोपराला हात लावला, "चला," म्हणाली, आणि त्याला मांडवामागे घेऊन गेली. थोड्या वेळाने दोघं परत आले, तो शांत. तिच्या हाताचा मला इतका अभिमान वाटला, की डोळे भरून आले.

भटजींनी पुकारा केला. दत्तू मनीषाला घेऊन आला आणि तिच्यामागे उभा राहिला. हातात अक्षता घेऊन सगळे तयार. तेवढ्यात माइकवाल्याने मानकऱ्यांची नावं घेऊन टॉवेल-टोपी द्यायला सुरुवात केली, आणि मुलाच्या आत्याच्या यजमानांचं नाव गाळलं.

झालं! व्याही उसळले. "आमच्या दाजींचा अपमान? ठरवून केलाय ह्यो!" त्यांनी स्वतःचा फेटा काढून आपटला. कोणी समजवायला गेलं, त्याला ढकललं. दोन्हीकडची माणसं उठली, खुर्च्या पडल्या. "उठा रं! चला समदी, माघारी!" आक्का हात जोडून उभी, मनीषाचा चेहरा पांढराफटक. सर एक पाऊल पुढे सरकले. मी दत्तूकडे बघत होते. त्याचा एक हात मनीषाच्या खांद्यावर होता, आणि तो व्याह्यांकडे टक लावून बघत होता.

मग तो बोलला. आवाज आबांचाच, माइकशिवाय अख्ख्या मांडवाला ऐकू गेला. पण त्यात राग नव्हता, कळवळा होता.

"पाव्हनं, लई राग आलाय न्हवं? मला कळतंय. मला असा राग आला की आमची शालन मला भाईर नेती. मग बरं वाटतंय. तुमची कारभारीन कुठं हाय?"

व्याही तोंड उघडं ठेवून बघत राहिले.

बायकांच्या बाजूला विहीणबाई उठल्या. पदर खोचला, खुर्च्यांतून वाट काढत आल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या कोपराला हात लावला.

"चला," म्हणाल्या.

आणि व्याही त्यांच्याबरोबर मांडवामागे गेले.