सातवा खर्डा

संशोधन संस्थेत तिला सगळे पाठीमागे कात्रीबाई म्हणत. शास्त्रज्ञांचे शोधनिबंध जर्नलकडे जाण्याआधी नीट करून देणं हे तिचं काम. तळमजल्यावर, झेरॉक्स मशीनला लागून तिची खोली. वीस वर्षं लाल पेन चालवून सवय अशी जडली होती, की घरी वहिनीच्या वाणसामानाच्या यादीवरही तिच्या खुणा उमटत. वहिनी म्हणे, "वन्सं, डाळ चुकीची लिहिली तरी शिजते हो."

दर बुधवारी ती संशोधकांचा वर्ग घेई. निबंध कसा मांडायचा, परीक्षकाच्या शेऱ्यांना न चिडता उत्तर कसं द्यायचं, चारचौघांसमोर कसं बोलायचं. तिथे एक उंच, चाळिशीला टेकलेला माणूस येऊ लागला. धरणातले मासे दर उन्हाळ्यात का मरतात, याचा छडा लावायला सात वर्षं तो तळाचा गाळ उपसत होता, म्हणून त्याचं नाव पडलं गाळ्या. ते कारण त्याला सापडलंही होतं. पण निबंधात ते तिसऱ्या पानावर, एका तक्त्याखाली दडून बसलं होतं. बोलायला उभा राहिला की हा भिंतीकडे तोंड करी. एका जर्नलने निबंध परत पाठवला होता. लेखकाला काय म्हणायचंय तेच कळत नाही, असा परीक्षकाचा शेरा होता.

बाईने त्याचं मनावर घेतलं. निष्कर्ष उचलून पहिल्या परिच्छेदात आणला, निम्मे तक्ते उडवले, त्याला रिकाम्या सभागृहात उभं करून शेवटच्या रांगेतून ऐकलं. सहावा खर्डा चांगला उतरला. आता धाडून देऊ, असं तो म्हणालाही.

"सारांश अजून अडखळतोय. आठ दिवस दे," ती म्हणाली.

आठाचे चाळीस झाले.

सातवा खर्डा गेला आणि तीन आठवड्यांत उत्तर आलं. लेखन अतिशय सुबोध आहे. मात्र हाच निष्कर्ष गेल्या महिन्यात दुसऱ्या गटाने प्रसिद्ध केला आहे.

वार्षिक बैठकीतलं त्याचं भाषण आधीच ठरलेलं होतं. त्या दिवशी तो कागद न घेता, लोकांकडे बघत, सलग बारा मिनिटं बोलला. मागच्या बाकावरचा शिपाईसुद्धा मान डोलवत होता. मग संचालकांनी विचारलं, यात नवं काय?

"काही नाही, सर," तो म्हणाला आणि खाली बसला.

त्याचा करार पुढे वाढला नाही. बाई जिना चढून प्रयोगशाळेत गेली, तेव्हा तो बाटल्या धुऊन पालथ्या घालत होता. चूक माझीच, मी उगाच रेंगाळले, असं ती म्हणाली. तो नाही म्हणेल, अशी तिला कुठेतरी आशा होती.

"ते चाळीस दिवस तुमच्याकडेच गेले, हे खरंय बाई," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. पुढची बाटली त्याने नळाखाली धरली.

आता तो एका पाणीपुरवठा केंद्रात क्लोरीन मोजतो. बाईच्या हातून निबंध आठवड्याच्या आत सुटतात. त्यातले बरेचसे भाषेच्या कारणावरून परत येतात.

बुधवारच्या वर्गाला हल्ली तिघं असतात. गेल्या वेळी एकीने विचारलं, खर्डा पुरेसा झाला हे ओळखायचं कसं? बाईने खडू उचलला. मग म्हणाली, "मला माहीत नाही." आणि पुढचा मुद्दा लिहू लागली.