सोंडेतलं पीठ

गिरणीत पीठ जिथनं पडतं तिथं कापडाची लांब पिशवी बांधलेली असते. आम्ही तिला सोंड म्हणतो. दळण संपलं तरी सोंडेच्या घड्यांत मूठ-दोन मुठी पीठ चिकटून राहतं. माझी बायको सोंडेला खालनं बुक्क्या मारून ते पाडायची आणि मगच गिऱ्हाइकाला डबा उचलू द्यायची. मला राग यायचा. "एवढ्या पिठानं कोण उपाशी मरतंय?" मी म्हणायचो.

"मरत न्हाय. पण त्येंचं हाय ना?" ती म्हणायची आणि आणखी एक बुक्की मारायची.

गेल्या वर्षी भर दुपारी ती गिरणीतच छातीला हात लावून खाली बसली. इंदापूरला नेईपर्यंत संपलं होतं. शेवटची आंघोळ घालणाऱ्या बाया म्हणाल्या, कानामागनं पीठ निघालं. ते ऐकून मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. कब्रस्तानात माती दिली, चाळिसावा झाला, आणि मी एकट्यानं गिरणी परत चालू केली.

महागाई मला डब्यावरनं कळते. आमच्या बावडा गावात पूर्वी बाया तेलाचा मोठा डबा डोक्यावर घेऊन यायच्या, आठवड्याचं दळण. मग स्टीलचे डबे आले. आता कॅरीबॅग घेऊन येतात, आजच्यापुरती ज्वारी. टीव्हीवर सांगतात, लांबच्या मुलखात लढाई लागली, जहाजं अडकली, पाऊस लहरी झाला, जगाला धान्य कमी पडंल. असंल. जहाजाचं मला कळत नाही. आमच्याकडं ज्वारी का कमी पडली ते कळतं, कारण माझ्याच दीड एकरात ऊस उभा आहे. कुठंही बघा, रस्त्याच्या दोन्ही अंगाला ऊस. ज्वारीची पाखरं हाकायची, काढणीला माणसं शोधायची, सांगितलंय कुणी? बायको दरवर्षी म्हणायची, खायापुरती तरी टाका. मी टाकली नाही. गिरणीवाल्याच्या रानात ज्वारीचं एक ताट उभं नाही आणि मी लोकांना महागाई सांगतो.

एकट्याला ती बारकी दळणं झेपंनात. किलोभरासाठी मोटर चालू करा, बंद करा, वरनं विजेचं बिल. मी दाराजवळच्या पाटीवर खडूनं लिहिलं, दोन किलोच्या आत दळण घेणार नाही. शाळा चौथीपर्यंत, अक्षर वाकडं, पण लिहिलं ठसठशीत.

त्याच संध्याकाळी खुरपणीला जाणारी एक बाई आली. ती रोज हजेरीचे पैसे मिळाले की दुकानातनं ज्वारी घ्यायची आणि तशीच गिरणीत यायची. बायको तिला बसायला आपला पाट द्यायची.

"चाचा, किलोभरच हाय."

"पाटी बघ."

"मला वाचता येत न्हाय."

"मग ऐक. दोन किलोच्या आत घेत न्हाय. उद्या दोन घेऊन ये."

"उद्याचं उद्या बघू. पोरं आज जेवणार हायती."

मी मोटरकडं तोंड केलं. ती पिशवी उचलून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर बरेच दिवस ती दिसली नाही. एके दिवशी आली ती आपल्या शेजारच्या म्हातारीला बरोबर घेऊन. दोघींत मिळून दोन किलोचा एकच डबा. मी झाकण काढलं. अर्धी ज्वारी पांढरीशुभ्र, अर्धी पावसात भिजून काळी पडलेली.

"ह्यात दोन तऱ्हेचा माल हाय," मी म्हणालो.

"माल एकाच तऱ्हेचा पायजे असं बी लिवलंय का पाटीवर?" ती म्हणाली.

म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. मी गप दळायला घेतलं.

दळून झाल्यावर दोघी कोपऱ्यात बसल्या आणि वाटीनं पीठ वाटून घेऊ लागल्या. एक वाटी हिला, एक तिला. म्हातारीनं हात आखडला. "माझी काळी हुती. दोन वाट्या तूच जास्ती घे."

"काळी काय आन् पांढरी काय, दळल्यावर वळखायला येतीय व्हय? घ्या गप."

"पोरं हायती तुला."

"तुमाला दात न्हायत. तुमालाच मऊ भाकरी लागंल."

वाटून झालं. मग ती बाई सरळ उठली, सोंडेजवळ आली आणि खालनं बुक्की मारली. फस्सकन पीठ पडलं. तिनं ते ओंजळीत झेलून म्हातारीच्या पिशवीत टाकलं. "चाची हितं बुक्की मारायची," ती म्हणाली. माझ्याकडं बघून नाही, म्हातारीला सांगितलं.

आता खरं लिहितो. ती बुक्की मी विसरलो नव्हतो. गिऱ्हाईक पाठमोरं झालं की मीच मारायचो, आणि पडंल ते माझ्या पातेल्यात. बिल वाढलंय, एवढं चालतं, असं मनाशी म्हणायचो. बायको गेल्यापासनं मी घरात दाणा विकत आणला नव्हता. भाकरी थापता येत नाही, म्हणून त्या पिठाची धिरडी करून खायचो. ज्वारी, बाजरी, गहू, सगळ्या गावाचं. त्या किलोभरवालीचं पीठसुद्धा त्यात होतं. पाटी लावायच्या आधीपासनं होतं.

त्या दिवशी पातेल्यात जमलेलं मी गिरणीमागच्या घरातल्या शेळीपुढं ठेवलं आणि दुकानात गेलो. ज्वारीचा भाव विचारला. ऐकून परत विचारला.

"लढाई चाललीय म्हणं," दुकानदार म्हणाला.

"ज्वारीची लढाई?"

"सगळ्याचीच. चाचा, गिरणीवाला ज्वारी इकत घ्यायला लागला म्हंजे अवघड हाय बुवा. किती देऊ?"

एकट्या माणसाला किती लागतं? "किलोभर दे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पहिलं दळण माझंच लावलं. तेवढ्यात त्या दोघी डबा घेऊन दारात. बाईनं माझी पिशवी बघितली.

"चाचा, कुणाचं दळण?"

"माझं."

"किती हाय?"

"किलोभर."

तिनं पाटीकडं बघितलं फक्त. वाचता येत नाही तरी बघितलं. मी खांद्यावरच्या टॉवेलनं पाटी पुसली. खडू पुसला गेला, पण अक्षरांचा पांढुरका डाग राहिला तो अजून आहे.

"उद्यापासनं तुझं तू आण," मी म्हणालो. "पावशेर असलं तरी आण."

"बघू," ती म्हणाली. "आता दोघीची सवय झालीय. आन् तुमाला परत कटाळा आला म्हंजे?"

बायको असती तर हा सवाल कुणी केलाच नसता.

अजून त्या दोघी एकाच डब्यात दळण आणतात. कोपऱ्यात बसून वाटून घेतात. मी आता प्रत्येकाच्या दळणाला सोंड झाडून देतो. तिच्याही दळणाला हात पुढं करतो. ती मला बाजूला सारते आणि बुक्की स्वतः मारते.