दोर्जेभाऊंच्या गॅरेजचं नाव

रविवारची सकाळ होती. सौंसरला माझ्या भाड्याच्या खोलीसमोर दोर्जेभाऊंनी सायकल टेकवली आणि दारातूनच म्हणाले, "मास्तर, एक बोर्ड पाहिजे. सोताचं गॅरेज टाकून राहिलो!"

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा तिथल्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो आणि सुटीच्या दिवशी दुकानांचे बोर्ड रंगवायचो. दोर्जेभाऊ पांढुर्ण्याच्या गणपतमिस्त्रींकडे मेकॅनिक होते. पस्तिशीचे, बुटके, रुंद खांद्यांचे तिबेटी गृहस्थ... पण बोलायला लागले की पक्के पांढुर्ण्याचे.

ते या भागात आले ते स्वेटर विकायला. विदर्भात जंगलाच्या कडेला तिबेटी लोकांची वसाहत आहे, तिथून हिवाळ्यात ही मंडळी गठ्ठे घेऊन गावोगाव फिरायची. अशाच एका हिवाळ्यात तिगावजवळ संत्र्यांनी भरलेला एक ट्रक बंद पडला होता आणि गणपतमिस्त्री सकाळपासून त्याच्याशी झुंजत होते.

भाऊंनी पाठीवरचा गठ्ठा खाली ठेवला आणि डिझेलच्या पाइपावरून सावकाश बोट फिरवलं. एका जागी थांबले. केसाएवढी चीर... तिथून इंजिन हवा ओढत होतं. लहानपणी हिमालयात आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायची, तेव्हा रोडरोलरच्या ड्रायव्हरजवळ बसून ते हे सगळं शिकले होते.

ट्रक चालू झाला तसे गणपतमिस्त्री म्हणाले, "स्वेटर काय विकून राहिला बे? चाल माह्यासंग!" त्यानंतर बारा वर्षं भाऊ त्यांच्याकडेच राहिले. म्हातारपणी मिस्त्रींनीच आग्रह धरला, की आता सौंसरला स्वतःचं काहीतरी टाक.

तर बोर्ड. निळा रंग दिलेला एक पत्रा माझ्याकडे तयारच होता. खडू घेतला आणि विचारलं, नाव काय? मला वाटलं जामसांवलीच्या मारुतीचं असेल... माझे निम्मे बोर्ड त्याच्याच नावाचे असायचे.

भाऊ जमिनीकडे बघत काहीतरी पुटपुटले.

"जोरात सांगा भाऊ, ऐकू नाही आलं," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. ओठ हलले, पण आवाजच निघेना. ट्रकखाली तासन् तास पडून राहणारा हा दणकट माणूस माझ्या ओट्यावर मटकन बसला. मी घाबरलो. पाणी आणून दिलं, ते तसंच हातात राहिलं.

मग हळूहळू बोलले... इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

तिबेटातल्या त्यांच्या गावी कम्युनिस्टांचा अंमल आला तेव्हा ते दहा वर्षांचे होते. वडिलांजवळ काही याक आणि थोडी जवाची शेती. तेवढ्यावर त्यांना जमीनदार ठरवलं. याक गेले, शेत गेलं, घरात पीठ मापून मिळायला लागलं. आणि एक दिवस सगळ्या गावाला मैदानात बसवलं. वडिलांना मधोमध कमरेत वाकवून उभं केलं आणि दोर्जेला पुढे ढकललं. बापाचं नाव घे अन् ओरडून सांग, हा चोर आहे म्हणून.

"मी नाही बोललो मास्तर. तं एकानं बापाच्या पाठीत काठी घातली. दुसरी घातली. मंग बापानं मान वर केली, माह्याकडे पाह्यलं... अन् असं केलं."

भाऊंनी डोळे सावकाश मिटले आणि उघडले. म्हणजे... बोल बाळा.

"मी बोललो. जोरात. तीन खेपा."

पुढच्या आठवड्यात वडिलांना कुठल्याशा खाणीवर कामाला नेलं. ते परत आले नाहीत. आई पोराला घेऊन बर्फातून चालत भारतात आली. आणि तेव्हापासून वडिलांचं ते नाव भाऊंच्या तोंडून कधी निघालंच नव्हतं... आईसमोरसुद्धा नाही.

मी म्हणालो, दुसरं नाव टाकू, काही हरकत नाही.

"नाही," भाऊ म्हणाले आणि उठून उभे राहिले. दोन्ही मुठी आवळलेल्या. "नोर्बू."

मग पुन्हा, अंगणभर ऐकू जाईल असं. "नोर्बू! लिवा मास्तर. नोर्बू मोटर गॅरेज. मोठ्या अक्षरात लिवा."

शेकडो बोर्ड रंगवले होते मी, पण त्या दिवशी पहिला 'न' दोनदा पुसून काढावा लागला.

गॅरेजच्या पूजेला भाऊंची आई वसाहतीतून आली. तिला देवनागरी येत नव्हती. तिने बोर्डाकडे बोट दाखवून मुलाला विचारलं, काय लिहिलंय? भाऊंनी वाचून दाखवलं... स्पष्ट, मोठ्याने. म्हातारी कितीतरी वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिली. मग तिने मुलाचं तोंड दोन्ही हातांत धरलं. गणपतमिस्त्री पाठ फिरवून उपरण्याने डोळे पुसत होते.

पुढे गॅरेज असं चाललं की विचारू नका. बोरगावचे ट्रॅक्टर, पांढुर्ण्याचे संत्र्यांचे ट्रक... सगळे तिथेच. "नोर्बूत टाकली काय गाडी? मंग चिंता नको करू," असं लोक एकमेकांना सांगायचे. कुणीकुणी तर भाऊंनाच 'नोर्बूभाऊ' म्हणून हाक मारायचं. त्यांनी एकालाही कधी दुरुस्त केलं नाही. हातातला पाना खाली ठेवून म्हणायचे, "हो, आलो!"

मी पुढे बदली होऊन गेलो. पण आजही वाटतं... ज्या पोराला बापाचं नाव बदनाम करायला लावलं, त्याने हजार मैलांवरच्या परक्या मुलखात तेच नाव रोज लोकांच्या तोंडी आणलं, आणि तेही विश्वासाने. एवढी ताकद माणसात कुठून येते, मला अजून कळलेलं नाही. ते नाव लिहायला ब्रश माझ्या हातात होता, एवढंच माझं भाग्य.