सगुणाबाईची प्रार्थना कुणी बंद केली?

सगुणाबाई. माझी आई. सत्तावन्न सालच्या पुनरुत्थानाच्या रविवारी, सकाळच्या उपासनेत, प्रभुभोजनाच्या जरा आधी ती उभी राहून प्रार्थना करत होती. डोळे मिटलेले, हात पसरलेले. आणि तिच्या प्रार्थनेवर पायपेटी वाजवली गेली.

चुकून नाही. दणादण पाय मारून, हाताखाली येतील तेवढ्या पट्ट्या दाबून. कसलं गीत नव्हतं ते. नुसता गोंगाट होता. आईचे ओठ हलत होते, शब्द कुणाला ऐकू येत नव्हते. थोड्या वेळाने तिलाही ते कळलं. तिने डोळे उघडले. पसरलेले हात कुठे ठेवावेत ते तिला समजेना. शेवटी तिने ते पदरात गुंडाळले.

पेटी थांबली. मंडळीचे मुख्य पंच शमुवेलराव पुढच्या बाकावरून उठले, मागे वळले.

"सगुणे, बस खाली. ही उपासना आहे. विहिरीवरच्या गप्पा नव्हेत."

पुढच्या बाकांवर कुणीतरी हसलं. मी मागे सतरंजीवर बसलो होतो. मी ऐकलं.

आता कोण कुठे बसतं ते सांगतो. आमचे आजोबा दोर वळायचे. नगरकडच्या एका गावात, गावाबाहेर. ते ख्रिस्ती झाले. शमुवेलरावांचे आजोबा जानवं तोडून ख्रिस्ती झाले. पाणी एकच, मंत्र एकच, बाप्तिस्मा एकच. पण त्यांचा नातू बाकावर आणि आमच्या आजोबांचा नातू सतरंजीवर. तसा नियम कुठे लिहिलेला नाही. लिहायची गरजच पडली नाही. आम्ही दारातून आत शिरलो की आमचे पाय आपोआप सतरंजीकडे वळायचे. इतकं चांगलं शिकवलं होतं आम्हाला.

पिंपरीला कारखाने उभे राहू लागले तसे आम्ही गाव सोडून आलो. रेल्वेच्या रुळांपलीकडे, पवनेच्या अंगाला आमची वस्ती. आईने आधी कारखान्याच्या बांधकामावर घमेली वाहिली. ज्या देवालयात तिला खाली बसवलं, त्याच्या भिंतींनाही तिच्याच डोक्यावरून चुना गेला. पुढे ती शमुवेलरावांच्या घरी धुण्याभांड्याला लागली. शमुवेलराव कारखान्यात स्टोअरकीपर. वस्तीतल्या माणसाला गेटातून आत घ्यायचं की नाही, हे साहेब त्यांना विचारून ठरवायचा. म्हणजे देवाचं दार आणि कारखान्याचं दार, दोन्हींची कडी एकाच हातात. मी त्याच कारखान्यात माल चढवतो. युनियनची पत्रकं वाटतो, लिहितो. तिथेच मी लिहायला शिकलो. म्हणून माझं लिहिणं गोड नाही. गोड हवं असेल तर हे इथेच खाली ठेवा.

आईला अक्षर येत नाही. पण वस्तीतली संध्याकाळची उपासना तीच चालवायची. कुणी नेमली नव्हती. दिवेलागणीला ती ओट्यावर उभी राहिली की माणसं जमायची. ती प्रार्थना करायची ती नावं घेऊन. "बापा, चंद्राच्या पोराला ताप हाय. बापा, भागुजीबाबाचा डोळा न्हाई उघडत." दर वाक्याला सगळी वस्ती म्हणायची, "ऐक बापा." ज्याचं नाव निघालं त्याच्या घरी कुणी पेज घेऊन जायचं, कुणी नुसतं उशाशी बसायला जायचं. कुणाचं दुःख झाकून ठेवायचं नाही, ही आमच्यातली रीत. झाकलं तर वाटून कसं घेणार?

तिचा आवाज मोठा. भागुजीबाबा चेष्टा करायचा, "सगुणे, जरा हळू. पुन्यापतुर कशाला वरडती? बाप काय बहिरा हाय का?" आई म्हणायची, "बाप न्हाई बहिरा, बाबा. तुमीच पेंगताय, तुमास्नी जागं ठिवती." लोक हसायचे. हसता हसताच डोळे मिटायचे. मी देवाला मानतो की नाही ते मला विचारू नका. पण त्या ओट्यापुढे खोटं कुणी बोलत नव्हतं, एवढं मी शपथेवर सांगतो.

पुनरुत्थानाच्या रविवारी पाळकसाहेब म्हणाले, "आता ज्याला आत्म्याची प्रेरणा होईल, त्याने उभं राहून प्रार्थना करावी." हे ते दर मोठ्या सणाला म्हणायचे. प्रेरणा दर सणाला पुढच्याच बाकांना व्हायची. शमुवेलरावांना आधी, मग कुणा मास्तरांना, मग डेपोतल्या हेडक्लार्कला. शेवटी 'आमेन'. सतरंजीवर प्रेरणा उतरत नसते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आईला ठाऊक नव्हतं. पाळक म्हणाले 'ज्याला', तिने 'ज्याला' ऐकलं. तिला प्रेरणा झाली. ती उठली.

आणि वस्तीत करायची तशीच तिने प्रार्थना केली. आधी आजारी माणसं, मग कामावरून काढलेले. मागून आमचे लोक म्हणत होते, "ऐक बापा." पुढच्या बाकांवर चुळबुळ सुरू झाली. मग ती म्हणाली, "बापा, शमुवेलदादाच्या गुडघ्याला उतार पाड. त्याला जिना चढवत न्हाई. आन् त्याच्या सुनंची कूस उजव, बापा. ती पोर कपडं वाळत घालताना दोरीशी रडत उभी ऱ्हाती. कुनाला सांगत न्हाई. तू तरी बघ."

दादा म्हणाली. ज्याच्या घरची भांडी घासते त्याला दादा म्हणाली. त्याच्या घरातलं दुःख तिने बापापुढे ठेवलं, कारण तिच्या लेखी तो मंडळीतला भाऊ होता आणि ती सून मंडळीतली लेक होती.

तरीही तेवढ्याने पेटी वाजली नसती, असं मला वाटतं. पुढे काय झालं ते ऐका. पुढच्या बाकावरून, शमुवेलरावांच्या शेजारून, एक बारीक आवाज आला.

"ऐक बापा."

सून होती ती. सगळ्या पुढच्या बाकांत तिने एकटीने आईला साथ दिली. तेव्हा शमुवेलरावांनी पेटीवर बसलेल्या बायकोकडे पाहून हनुवटी हलवली. एस्तेरबाईंचे पाय सुरू झाले.

त्या दिवशी प्रभुभोजनाची भाकर आईला मिळाली नाही. शमुवेलराव पाळकांच्या कानात बोलले, आणि पाळकांनी जाहीर केलं, "सगुणाबाई आज भोजनात सहभागी होणार नाहीत. त्यांनी आधी मंडळीशी समेट करावा." पाळकसाहेब आमच्यातलेच. त्यांचा बाप माझ्या आजोबांच्या शेजारी बसून दोर वळायचा. जाहीर करताना ते सतरंजीकडे बघत नव्हते. छताकडे बघत होते.

त्याच आठवड्यात शमुवेलरावांनी सुनेला माहेरी धाडलं. अजून आणलेली नाही.

समेट म्हणजे काय, तर पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी आईने सगळ्यांसमोर उभं राहून क्षमा मागायची. मी घरात भांडलो.

"जाऊ नको. काय चुकलं तुझं?"

"चुकलं असंल. त्या पोरीचं माज्यापायी घर सुटलं."

"तुझ्यापायी नाही, त्यांच्यापायी. आई, ते तुला चिरडताहेत."

"तुला काय रं. तुझी पत्रकं हायेत, तुझी युनियन हाय. मला येवढंच हाय. बापाच्या घरात ऱ्हायाचं आन् त्याची भाकर न्हाई खायाची, कसं जमंल?"

यावर पत्रकात उत्तर नाही. मी खूप पत्रकं वाचली आहेत.

तो रविवार आला. आईने धुतलेलं लुगडं नेसलं. शमुवेलरावांनी तिला पुढे बोलावलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला देवालयात पुढे उभं केलं ते यासाठी. ते म्हणाले, "मी सांगतो तसं म्हण." आणि एकेक वाक्य सांगू लागले. शाळेत पाढे म्हणवून घेतात तसं.

"मी अडाणी आहे."

"मी अडाणी हाय."

"मी एका घराची अब्रू घेतली."

आईने पदर सावरला. मग तेही म्हणाली. त्यांनी शेवटचं वाक्य सांगितलं.

"इथून पुढे मी कोणत्याही उपासनेत प्रार्थना चालवणार नाही. देव माझा साक्षी आहे."

मी सतरंजीकडे पाहिलं. भागुजीबाबा खाली बघत होता, त्याचा मुलगा शमुवेलरावांच्या शब्दावर रोजंदारीला लागलेला. चंद्रा खाली बघत होती. मी त्यांना दोष देत नाही. सगळ्यांच्या घरची नावं कारखान्याच्या गेटावरच्या यादीत होती.

आई म्हणाली. सगळं म्हणाली. "देव माजा साक्षी हाय." पुढचे बाक म्हणाले, "आमेन."

शमुवेलराव हसले. चांगल्या मनाने हसले, हेच मला जास्त लागलं. "झालं. आता आमच्या मनात काही नाही, सगुणे." तिला भाकर दिली. प्याला दिला तो बाकांवरच्या सगळ्यांचे ओठ लागून झाल्यावर. तोही नेहमीचाच क्रम. मग पाळकसाहेब प्याला घेऊन माझ्यापुढे आले.

"मला नको."

"का रे?" हळूच म्हणाले. "तुझं काय?"

"तिचं तोंड बंद केलंत आणि माझं उघडायला आलात?"

आवाज चढला असणार, कारण सगळे बाक वळले. शमुवेलराव म्हणाले, "युनियनचं भूत देवालयात नको." मी उठलो. सतरंजीवरून पुढे गेलो, बाकांच्या दोन रांगांमधून, जिथून आमचं माणूस कधी चाललं नव्हतं, आणि आईच्या शेजारी उभा राहिलो. म्हणालो, "ज्या उपासनेत प्रेरणा कुणाला व्हायची ते तुम्ही ठरवता, तिथे मी पुन्हा गुडघे टेकणार नाही. हीही शपथ, देवासमोर. लिहून घ्या." मग मी दाराबाहेर पडलो. एकटाच. माझ्यामागे कुणी आलं नाही. आईही नाही.

मला वाटलं होतं, संध्याकाळी ती ओट्यावर उभी राहील. शपथ त्यांनी बळजबरीने म्हणवून घेतली, तिचा काय हिशोब धरायचा! दिवेलागण झाली. माणसं जमली. आई माणसांत बसली. ओट्यावर कुणीच नाही.

चंद्रा म्हणाली, "सगुणाकाकू, उठा की."

"न्हाई गं बाई. कोनत्याबी उपासनंत म्हनले मी. देवाला साक्षी धरून."

"ते तर त्या दादानं म्हनवून घेतलं."

"म्हनवलं त्यानं. म्हनले मी."

शमुवेलरावांना हे कळलंसुद्धा नसेल. दिलेला शब्द त्यांच्यासाठी सभेच्या कामकाजातला एक ठराव. ती खोटी असती तर संध्याकाळी पुन्हा ओट्यावर गेली असती. ती खरी, म्हणून अडकली. खऱ्या माणसालाच शपथेने बांधता येतं, हे त्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

मी ओट्यावर चढलो. कुणीतरी चालवायला हवं ना. सुरुवात केली, "बापा, शोषणाखाली दबलेल्या या वस्तीकडे बघ. बापा, मालकशाहीचा..." दोनतीनदा 'ऐक बापा' आलं. मग ते विरळ झालं. भागुजीबाबा एका डोळ्याने माझ्याकडे बघत म्हणाला, "लेकरा, खरं सांग. तू बापाशी बोलतुयास का म्यानेजरशी?"

कुणी हसलं नाही. मी खाली उतरलो.

त्या दिवसापासून वस्तीत संध्याकाळची उपासना होत नाही. कोण आजारी ते आता कुणाला कळत नाही. गेल्या पावसाळ्यात चंद्राचं पोर गेलं. ताप कधीपासून होता, ते आम्हाला त्याला माती देताना समजलं.

आई दर रविवारी जाते. सतरंजीवर बसते. भाकर खाते. सगळे 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणतात तेव्हाही तिचे ओठ मिटलेले असतात. नको, कुठे आपला आवाज मोठा झाला, लोक मागोमाग म्हणायला लागले, तर शब्द मोडेल. मी तिला विचारलं, हे सुटणार कसं? तिने थापलेली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "ज्या मंडळीम्होरं घातली, त्या मंडळीनं सोडवली तर सुटंल. न्हाईतर माज्याबरुबर जाईल."

मी पाळकांकडे गेलो. ते म्हणाले, पंचांना विचारतो. पंचांकडे गेलो. शमुवेलराव म्हणाले, "कसली शपथ? आम्ही केव्हाच विसरलो." विसरलो! तुम्ही विसरलात म्हणून ती सुटत नाही. मला आशा नाही. खोटं कशाला सांगू? पण आशा नाही म्हणून मी गप्प बसणार नाही. जोवर ती बोलत नाही तोवर दर रविवारी मी त्या दारात उभा राहून हा मजकूर वाचणार आहे. नोकरी गेली तरी.

आता तुम्ही. हे वाचताय, म्हणजे तुम्हाला वाचता येतं, म्हणजे बहुतेक तुम्ही बाकावर बसता. त्या दिवशी तुमच्यातले कितीतरी जण तिथे होतात, आणि तिची शपथ तुमच्यासमोर, तुमच्या नावाने घेतली गेली. तुम्ही 'आमेन' म्हणालात. येत्या रविवारी उपासना सुरू होण्याआधी उभे राहा. पाळकांची परवानगी मागू नका. सतरंजीकडे तोंड करा, तिचं नाव घ्या, आणि मोठ्याने म्हणा: सगुणाबाई, ही शपथ आम्ही तुमच्याकडून घेतली होती, आम्हीच ती सोडवतो, तुम्ही प्रार्थना चालवा. मग ती बोलेपर्यंत उभेच राहा.